दोन फूट खंय गेले?

आमच्या शाळेच्या मैदानावर एक वाट आहे. फाटकापासून निघते ती थेट स्टाफरूमच्या दाराशी, तिरकी, कबड्डीचं क्रीडांगण मधोमध कापून. ती कुणी आखलेली नाही. एका माणसाच्या चपलांनी तीस-एक वर्षं गवत उगवू दिलं नाही म्हणून ती झाली. बाकी आम्ही सगळे शहाण्यासारखे कडेच्या फरशीवरून चालत यायचो. हे गृहस्थ मुलांचा डाव चालू असला तरी मधून येणार, आणि हेडमास्तरांनी हटकलं तर खिशातला खडू काढून त्यांनाच विचारणार, "दोन बाजू चालायच्या कशाला, कर्ण असताना?"

हे आमचे चित्रकलेचे सर. गणिताची मी. म्हणजे कर्ण माझा, आणि त्यावरून चालायचे ते. आमचं भांडण इथूनच सुरू होतं.

दिसायला अगदी साधे. अंगात पांढरा बुशशर्ट, त्याच्या खिशाला कायम निळा रंग लागलेला. काखेत लाकडी गुण्या. फळ्यावर काटकोन काढायचा तो मोठा गुण्या खरं म्हणजे गणिताच्या कपाटातला. तो एकदा त्यांच्याकडे गेला आणि परत आलाच नाही. मागितला की म्हणायचे, "बाई, तुम्ही वर्षातून दोनदा वापरता. मला रोज लागतो." रोज कशाला लागायचा? तर स्टाफरूममधलं टेबल, खिडक्या, नकाशांच्या चौकटी, शिपाई लावतो ती घड्याळं, सगळ्याला ते गुण्या लावून बघत. एकदा कट्टा गावच्या बाजारात एका दुकानदाराच्या नव्या पाटीला लावला आणि म्हणाले, "पाटी वाकडी आहे, म्हणून गिऱ्हाईक येत नाही." गिऱ्हाईक येत नव्हतं हे खरं होतं, म्हणून दुकानदाराला जास्तच राग आला.

आता त्यांना पायथागोरस कसा लागला ते सांगते, कारण त्यात थोडा हात माझाही आहे.

चित्रकलेचा तास म्हणजे काय असतो हे शाळेत काम केलेल्या कुणालाही माहीत आहे. तो चित्रकलेचा नसतो. दहावीचा पोर्शन उरला की तो गणिताचा होतो. मी दिवाळीनंतर दर आठवड्याला त्यांच्यापुढे उभी राहायची, "सर, आजचा तास द्याल का?" आणि ते म्हणायचे, "घ्या बाई, तुमचाच आहे." पण बाकीचे कलाशिक्षक, पीटीचे सर वगैरे तास देऊन चहाला जातात, तसे हे जायचे नाहीत. आपल्याच तासाला वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसायचे. हजर असलेल्या शिक्षकाने वर्ग सोडायचा नाही असा त्यांचा नियम. तिथे बसून ते माझं गणित ऐकत, आणि ऐकता ऐकता समोरच्या पोरांच्या पाठीची चित्रं काढत.

अशी किती वर्षं त्यांनी माझ्याकडून काटकोन त्रिकोणाचं प्रमेय ऐकलं असेल देव जाणे. कर्णावरचा चौरस म्हणजे उरलेल्या दोन बाजूंवरच्या चौरसांची बेरीज. दरवर्षी तेच, त्याच शब्दांत. आणि एका वर्षी शेवटच्या बाकावरून हात वर आला. मोठा, केसाळ, निळा रंग लागलेला हात.

"बाई, चौकोनच कशाला?"

वर्ग हसला. मीही हसले, पण दातओठ खाऊन. म्हटलं, "सर, चौरसच असतो. पुस्तकात आहे."

"ते ठीक. पण समजा प्रत्येक बाजूवर मी बांगडा काढला. एकाच वळणाचा, फक्त लहानमोठा. लहान बाजूवर लहान, कर्णावर मोठा. तर दोन लहान बांगड्यांची जागा मिळून मोठ्याच्या जागेएवढी होईल की नाही?"

होईल, हे मला माहीत होतं. एकसारखी आकृती कुठलीही असो, जागा बाजूच्या वर्गाच्या हिशोबाने वाढते, म्हणून प्रमेय तसंच्या तसं लागू पडतं. पण हे दहावीला नाही, आणि परीक्षा तोंडावर होती. मी म्हटलं, "सर, बांगडा मे महिन्यात." ते बसले खाली. पण त्या दिवसापासून माणूस हातचा गेला.

पुढे त्यांचे उरलेसुरले तास जे काय व्हायचे त्यात हेच. एका त्रिकोणाच्या तीन बाजूंवर तीन कुर्ल्या, म्हणजे खेकडे. तीन नारळाची झाडं. तीन हेडमास्तर, एकाच चेहऱ्याचे, ज्यातले दोन लहान मिळून एक मोठा. हे चित्र हेडमास्तरांनी पाहिलं आणि त्यांना आवडलं, कारण कर्णावरचा त्यांच्यासारखा हुबेहूब होता. मुलं तर खूष. घटक चाचणीत एका बहाद्दराने माझ्या पेपरात लिहिलं, "काटकोन त्रिकोणात कर्णावरील बांगडा हा इतर दोन बाजूंवरील बांगड्यांच्या बेरजेइतका असतो." मी अर्धा मार्क कापला. सर भांडायला आले. मी सांगितलं, "बांगड्यांची बेरीज नव्हे, बांगड्यांच्या क्षेत्रफळांची बेरीज. शब्द गाळलाय. अर्धा मार्क जाणारच." आजही तो पेपर आणा, आजही कापीन.

सिद्ध कसं करायचं, ही माझी खोच होती. म्हटलं, चित्रं काढणं सोपं आहे, सिद्धता कुठाय? दुसऱ्या दिवशी ते कात्री घेऊन आले. काटकोनात कापलेला एक कागदी त्रिकोण टेबलावर ठेवला, आणि काटकोनाच्या टोकापासून समोरच्या बाजूवर लंब धरून एक कात्री मारली. दोन त्रिकोण झाले. दोन्ही मोठ्याच्याच वळणाचे, फक्त लहान. एकाची लांब बाजू म्हणजे मूळची एक भुजा, दुसऱ्याची लांब बाजू म्हणजे मूळची दुसरी भुजा. "हे बघा," म्हणाले, "कर्णावरचा मोठा, दोन बाजूंवरचे हे दोघे. मोठ्यातच दोघे मावले की नाही? त्रिकोणाला जमतं ते बांगड्याला जमणार, कारण वळण सारखं असलं की झालं."

मी ते दोन तुकडे परत जुळवून पाहिले. मग म्हटलं, "सर, हे जुन्या ग्रीक पुस्तकात आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कुणाला तरी सुचलेलं आहे." मला वाटलं तोंड पडेल बिचाऱ्याचं. तर ते उडालेच. "म्हणजे बरोबर आहे ना? मग झालं तर! मी रात्रभर घाबरलो होतो." आणि सगळ्यांना सांगत सुटले की आपलं दोन हजार वर्षांपूर्वीच तपासून झालंय.

नाताळच्या आधी ते घरून डबा आणायचे. नेवऱ्या. आमच्याकडच्या करंज्याच त्या, अर्धगोल. डबा उघडला की लगेच कुणी हात घालायचा नाही. आधी सर तीन नेवऱ्या निवडणार, एक मोठी, दोन लहान, आणि त्यांच्या सरळ कडा जुळवून टेबलावर त्रिकोण मांडणार. मग गुण्या. दोन लहानांमधला कोन काटकोन भरला, तर दोन लहान घेतल्या काय आणि एक मोठी घेतली काय, सारखंच. कोन काटकोनापेक्षा मिटलेला असला तर दोन लहान घेणाऱ्याचा फायदा. जास्त उघडला तर मोठी उचलावी. हे सगळं होईपर्यंत आमच्या तोंडाला सुटलेलं पाणी आटायचं. हिंदीच्या बाई एकदा म्हणाल्या, "आणि आतलं सारण? जाडी?" सर गंभीरपणे म्हणाले, "सारण हा वेगळा विषय आहे. मी फक्त सालीबद्दल बोलतोय." तोवर पीटीच्या सरांनी मोठी तोंडात टाकलेली असायची.

तर असा हा माणूस. जगात कुठेही गेला तरी तिरका जाणारा. लोकांच्या काजूच्या बागेतून, चर्चच्या आवारातून, एकदा तर चालू असलेल्या ग्रामसभेतून. फक्त एका ठिकाणी तो दोन्ही बाजू चालायचा. आपल्या घरी.

घर त्यांचं काटकोनात बांधलेलं. एक हात पूर्वेला, एक दक्षिणेला, आणि मध्ये सारवलेलं अंगण. दोन हात जिथे मिळतात त्या कोपऱ्यातल्या खोलीत आई. वडील गेल्यावर वाटणी झाली, एक हात सरांना, एक त्यांच्या थोरल्या भावाला, आणि त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. थोरले आयुष्यभर बोटीवर होते. निवृत्त होऊन आले ते मोठा आवाज आणि मोठी छाती घेऊन आले. भांडण कशावरून, तर थोरले म्हणत विहिरीच्या पंपावरून. सर म्हणत, छे, आंब्याचं झाड तोडलं त्यावरून. म्हणजे कारणावरसुद्धा एकमत नव्हतं. अंगण दोघांचं सामाईक, म्हणून त्यात दोघांपैकी कुणीच पाय ठेवत नव्हतं. थोरल्यांना धाकट्याकडे काही निरोप द्यायचा तर ते आपल्या पडवीने आईच्या खोलीपर्यंत येत, तिला सांगत. आणि सर आपल्या पडवीने जाऊन तिच्याकडून ऐकत. समोरासमोरच्या दोन खांबांना टेकून बसलेली दोन माणसं, आणि निरोप जायचा कोपऱ्यातून वळसा घालून.

मी एकदा टोचून विचारलंसुद्धा, "सर, इथे कर्ण नाही का चालत?" ते म्हणाले, "बाई, तुम्ही गणित शिकवा."

नाताळात दोघेही चांदणी करायचे. बांबूच्या कामट्यांची, पाच टोकांची, वर पतंगाचा कागद, आत दिवा. आजकाल बाजारात प्लॅस्टिकची, लुकलुकणाऱ्या दिव्यांची मिळते. पण त्या घराण्यात ती विकत आणणं म्हणजे पाप. वडील एकच मोठी करायचे. हे दोघे आता आपापली, आपापल्या टोकाच्या खांबाला. सरांची तीन फुटांची. थोरल्यांची चार, कारण ते थोरले.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता आई म्हणायला लागली की तिला दोन दोन दिसतं. सर तिला डॉक्टरकडे घेऊन गेले. मोतीबिंदू निघाला, ऑपरेशन झालं, काळा चष्मा मिळाला, सगळं व्यवस्थित. डिसेंबर लागला. दोघांनी चांदण्या टांगल्या. आणि दुसऱ्या दिवशी सर शाळेत आले ते चेहरा पडलेला. मैदान न कापता कडेच्या फरशीवरून आले, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

"बाई, ऑपरेशन फुकट गेलं. आईला अजून दोन दिसतात."

"काय म्हणतात त्या?"

"काल संध्याकाळी दारात बसली होती. म्हणाली, 'दागतरान फसवल्यान रे धाकल्या. अजून दोन दोन चांदण्यो दिसतत.' मी आज परत वेळ घेतली डॉक्टरांची."

मला हसू आवरेना. म्हटलं, "सर, तुमच्या घरावर चांदण्या किती आहेत?"

"दोन."

"मग?"

हा माणूस बांगड्यावरून ग्रीकांपर्यंत पोचला होता, पण आई काय म्हणतेय ते कळायला त्याला मधली सुट्टी पूर्ण लागली. कळलं तेव्हा हातातला चहाचा कप तसाच ठेवून उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. तिथूनच म्हणाले, "तिला एक बघायची आहे." म्हातारी नव्वदीला टेकलेली. पुढचा नाताळ कुणी पाहिलाय?

तर ठरलं. दोन्ही चांदण्या उतरवायच्या आणि एक करायची. सरांनी आईमार्फत निरोप पाठवला. थोरल्यांनाही आईचं मन मोडायचं नव्हतं. त्यांनी कोपऱ्यातून उलटा निरोप धाडला की ठीक आहे, एक करू. पण केवढी?

सरांनी सांगितलं, पाच फुटांची. एक तीनची, एक चारची, दोघांचा वाटा न्यायाने एकत्र आला तर पाच. प्रमेयच आहे तसं.

आणि थोरले भडकले. "तीन आणि चार किती? सात! मगे माझे दोन फूट खंय गेले?"

आईने निरोप पोचवला. सरांनी तीन त्रिक नऊ, चार चोक सोळा, पंचवीस, असा हिशोब कागदावर लिहून दिला. तोही आईने पोचवला. थोरले कागद न वाचताच म्हणाले, "माका ते वर्ग-बिर्ग नको. फूट सांग म्हणा. एकत्र होतला म्हणान कमी कशाक होतला?" त्यांचं म्हणणं एकच, की धाकट्याने शाळामास्तरकी करून थोरल्या भावाचे दोन फूट मारले. आणि हे ते घरात बोलून थांबले नाहीत. कट्ट्याला एसटीच्या थांब्यावर सांगितलं, चर्चमधून बाहेर पडताना सांगितलं, मासळी बाजारात सांगितलं. माझी आई बाजारात आणि वाडीवाडीत मासे विकते. ती संध्याकाळी पाटी उतरवता उतरवता मला म्हणाली, "तुझ्या त्या चित्राच्या मास्तरान भावाचे दोन फूट खाल्ल्यान म्हणतत. खरां काय गो?" मी म्हटलं, "आई, क्षेत्रफळाचा प्रश्न आहे." ती म्हणाली, "म्हणजे जमिनीचो!" आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या बाजाराला कळलं की जमिनीचा वाद आहे.

नाताळ जवळ येत चालला. सरांची आई दारात बसून दोन चांदण्या बघत होती. शेवटी थोरल्यांनीच निरोप पाठवला, "ती गणिताची बाय खंय आसा? तिका हाडा. ती खोटां सांगाची नाय."

शनिवारी शाळा सुटल्यावर मी गेले. थोरले आपल्या पडवीत हातांच्या खुर्चीत बसलेले, सर आपल्या पडवीत उभे, मध्ये ते मोकळं अंगण, आणि कोपऱ्यात आई, काळा चष्मा लावून, हातात माळ. मी आईच्या पडवीत उभी राहून थोरल्यांना हरतऱ्हेने सांगून पाहिलं. नेवऱ्यांचं उदाहरण दिलं. बांगड्यांचं दिलं. थोरले मान हलवायचे आणि शेवटी विचारायचे, "बरां. पण दोन फूट?" माझी तर तिडीक उठली. दहावीच्या ढ तुकडीला मी एवढं समजावलेलं नाही. शेवटी म्हटलं, "बाब, असं करू. नवा कागद आणायचाच नाही. तुमच्या चांदणीचा सगळा कागद आणि सरांच्या चांदणीचा सगळा कागद काढायचा. तो पाच फुटांच्या सांगाड्यावर लावायचा. उरला तर तुमचे फूट कुणीतरी खाल्ले. नाही उरला, तर नाही."

हे त्यांना पटलं. कागद ही हातात धरता येणारी गोष्ट. "मी स्वतः बसान बघतलंय," म्हणाले. खुर्ची उचलून आईच्या पडवीत आणली.

सरांनी सांगाडा बांधला. त्यांचे हात कामाला लागले की बघत राहावं असं वाटतं, पण थोरले त्या हातांकडे चोरावर नजर ठेवावी तसे बघत होते. कामट्यांना चिकटलेला जुना कागद ब्लेडने कडेकडेने कापून काढायचा, आणि पिठाच्या खळीने नव्या सांगाड्यावर तुकडा तुकडा जोडायचा. लाल थोरल्यांचा, हिरवा सरांचा. एक टोक, दुसरं टोक, मधला पंचकोन. माझ्या लक्षात यायला लागलं होतं. कडेचा कागद कामट्यांना चिकटून राहिला तो गेला. आणि तुकड्याला तुकडा चिकटवायचा तर एकावर एक थोडा चढवावाच लागतो, तोही गेला. प्रमेयात रेषेला जाडी नसते. खळीला असते. मी सरांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण कानाची पाळी लाल झालेली दिसली. त्यांनाही कळलं होतं.

शेवटच्या टोकाशी कागद संपला. वीतभर जागा उघडीच.

थोरले खुर्चीतून उठले. "कमी पडलो! बघ माय, कमी पडलो! मास्तराचो हिशोब चुकलो!"

"बाब," मी म्हटलं, "पाच फुटांना कमी पडला. मग सात फुटांना कुठून पुरला असता?"

थोरल्यांनी एकदा सांगाड्याकडे बघितलं, एकदा आपल्या रिकाम्या चांदणीच्या कामट्यांकडे. मग मोठ्या आवाजाच्या माणसाने अगदी लहान आवाजात विचारलं, "सातांची केली असती तर?"

"निम्मी उघडी राहिली असती."

थोरले बसले खाली. दोन फूट कुठे गेले ते त्यांना कळलं की नाही सांगता येत नाही, पण ते कुणी खाल्ले नव्हते एवढं दिसलं. उघड्या भागाला नवा कागद लावायचा नाही, हे तर ठरलेलं. सर खळीचा हात घेऊन बसून राहिले. मी पर्स उघडली. सहामाहीची एक जादा प्रश्नपत्रिका होती. घडी उलगडून दिली. सर वाचून म्हणाले, "बाई, ह्यात प्रश्न तिसरा पायथागोरस आहे."

"लावा. इतकी वर्षं तुमचे तास घेतले, एक कागद घ्या माझा."

तो लागला, प्रश्न तिसरा बाहेरच्या बाजूला.

आता टांगायची कुठे? सरांच्या खांबाला लावली तर थोरल्यांना चालणार नाही, थोरल्यांच्या लावली तर सरांना. आई म्हणाली, "माका माझ्या दारातसून समोर दिसाक होयी." म्हणजे एकच जागा राहिली. या टोकाच्या खांबापासून त्या टोकाच्या खांबापर्यंत अंगणावरून तिरकी तार ओढायची, आणि मधोमध चांदणी. सर आपल्या खांबाला शिडी लावून चढले, थोरले आपल्याकडे स्टुलावर. तारेत चांदणी ओवली. पण ती भलतीच जड झालेली, तार मधोमध खाली झुकली. अंगणात थोरल्यांच्या सूनबाईंनी नुकतंच पाणी शिंपडलेलं. माझी प्रश्नपत्रिका चिकटवलेलं टोक खाली, ओल्या मातीपासून हातभर.

"माय," सर शिडीवरून म्हणाले, "तेका सांग, तिकडून ओढ म्हणान."

"थोरल्या, ओढ म्हणता."

"तेका सांग, तेचीच बाजू सैल आसा."

"धाकल्या, तुझी सैल आसा म्हणता."

"माय, तेका सांग—"

म्हातारीने कानावर हात ठेवला. "काय? माका ऐकाक येना नाय रे."

मी तिच्या शेजारीच उभी होते. या बाईला वळणापलीकडून मासळीवालीची हाक ऐकू येते, हे मला माझ्या आईकडून पक्कं माहीत आहे. पण चांदणी आणखी खाली आली. मला राहवेना, मी निरोप सांगायला तोंड उघडलं, तर म्हातारीने माझं मनगट पकडलं. माळ हातात तशीच, आणि पकड अशी की मी गप्पच बसले. सर तिकडून परत ओरडले, "माय!" थोरले इकडून, "माय!" माय समोर बघत बसून राहिली. टोक मातीला टेकायला आलं.

आणि अंगणावरून आवाज आला, बोटीवरचा, सगळ्या वाडीला ऐकू जाईल असा.

"धाकल्या, ओढ मेल्या! कागद भिजतलो!"

शिडीवरून सरांनी तारेला असा हिसका दिला की मला वाटलं खांबच येतो. "ओढतंय नाय तर काय करतंय! तू सोड बघू वायच!"

"सोडलंय! आता धर! धर म्हणतंय!"

"धरलंय मरे!"

"बांध आता! हळू! तुका लहानपणासून घाई!"

"आणि तुका लहानपणासून आवाज!"

चांदणी वर गेली. दोघे आपापल्या टोकांवरून ओरडत होते, पंपावरून, आंब्यावरून, वडिलांच्या घड्याळावरून, आणि तार काही सोडत नव्हते. सरांनी गाठ मारली. थोरल्यांनी तिकडून ती बघितली, स्टुलावरून उतरले, आणि "ही गाठ मारलंस? बोटीर कोणी अशी गाठ मारल्यान असती तर तेका दर्यात टाकलो असतो," असं म्हणत अंगणातून सरळ तिरके चालत सरांच्या खांबाशी गेले. ओल्या अंगणात त्यांच्या पावलांची एक रांग उमटली, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. सरांनी शिडीवरून ती पाहिली. एरवी असल्या गोष्टीवर तासभर बोलणारा माणूस नुसता नाक ओढत राहिला.

गाठ सुधारून झाल्यावर थोरल्यांनी मान वर करून चांदणी नीट निरखली. "बरी दिसता," म्हणाले. "पण दोन फुटांनी धाकटी."

यंदा सर निवृत्त झाले. त्यांची जागा भरलेली नाही. चित्रकलेचे तास आता न मागताच माझे आहेत, शेवटचा बाक रिकामा असतो, आणि मैदानातल्या वाटेवर गवत यायला लागलंय. मला ते मुळीच आवडत नाही, म्हणून हल्ली मीच मधून चालत येते.

पण त्या संध्याकाळचं राहिलं सांगायचं. कुणीतरी बटण दाबलं. लाल-हिरवा उजेड पडला, आणि एका टोकात माझा प्रश्न तिसरा उजळून निघाला. दोघे भाऊ एकाच खांबाशी, अजून गाठीवरूनच वाद घालत होते. म्हातारीने माझं मनगट सोडलं. काळा चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला आणि वर बघितलं. बराच वेळ बघितलं.

"दागतर बरो होतो गो," ती मला म्हणाली. "आता एकच दिसता."